डाव्या डोळ्याच्या कडेला

१

सशाला डाव्या बाजूने कधी हात लावायचा नाही, हा आमच्या प्रयोगशाळेतला पहिला नियम. आधी उजवीकडून जायचं, दोन शब्द बोलायचे, हात हुंगू द्यायचा आणि मग उचलायचं. आमच्या अठराच्या अठरा सशांना डावीकडून कमी दिसतं, आणि न दिसणाऱ्या बाजूने कोणी आलं तर ससा असा उसळतो की स्वतःचा कणा मोडून घेतो.

कमी दिसतं, कारण ते आम्हीच कमी केलेलं आहे. लग्नानंतर मी पुन्हा कामावर जायला लागले तेव्हा एका चुलत सासूबाईंनी चारचौघांत विचारलं होतं, की तू म्हणे सशांच्या डोळ्यांची डॉक्टर आहेस. मी मान डोलावली. नव्या सुनेने पहिल्याच महिन्यात कोणाला दुरुस्त करायला जाऊ नये. खरं काम उलटं आहे. डॉक्टर आजार बरा करतात. आम्ही तो मोजूनमापून तयार करतो. तो माणसाच्या आजारासारखा हुबेहूब जमला, की मग दुसरं कोणीतरी त्यावर औषध शोधणार.

आजार म्हणजे काचबिंदू. डोळ्यात पाणी तयार होत असतं आणि एका बारीक जाळीतून निघून जात असतं. आम्ही सशाच्या डाव्या डोळ्यात पिठासारखे बारीक मणी सोडतो. ते जाळीत अडकतात, पाणी तुंबतं, दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस कडेकडेने मरत जाते. सावकाश. दुखत नाही. उजवा डोळा आहे तसा ठेवायचा, तुलनेला. तुलनेला काही नसेल तर आकड्याला अर्थ नाही, असं आमच्या मोठ्या मॅडम दिवसातून एकदा तरी म्हणतात.

रोज सकाळी साडेनऊला मी डोळ्यातला दाब मोजायचा टोनोमीटर घेऊन सशांच्या खोलीत जायची. यंत्राची सुई डोळ्याला सहा वेळा हलकेच टेकते, सहा वेळा टिकटिकते, आकडा येतो. तो लिहायचा. अठरा ससे, छत्तीस डोळे, मग चहा.

या आजारातली एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून आवडत नाही. जेवढी नजर गेली तेवढ्या जागी काळोख दिसत नाही. मेंदू आजूबाजूची भिंत घेतो, पडदा घेतो, रस्ता घेतो आणि ती जागा रंगवून टाकतो. ज्याची नजर गेली त्याला वाटतं, आपल्याला सगळं दिसतंय आणि तिथे कोणी नाही.

२

एका बाजूने आंधळा झालेला ससा ती बाजू भिंतीला लावून बसतो. साधं शहाणपण आहे. चांगला डोळा खोलीकडे ठेवायचा, म्हणजे कोण आलं गेलं कळतं.

अकरा नंबरचा ससा उलटा बसायला लागला. चांगला डोळा पिंजऱ्याच्या मागच्या पत्र्याला टेकवलेला आणि मेलेला डोळा खोलीकडे. मी त्याला फिरवून ठेवला. वही उचलेपर्यंत तो परत वळला होता. माणसांतही असे हट्टी असतात, म्हणून सोडून दिलं. चार दिवसांनी सात नंबर तसाच बसला, मग दोन नंबर. तीन आठवड्यांत नऊ ससे उलटे बसायला लागले, आणि ते नऊही असे की ज्यांचा दाब सगळ्यात जास्त होता.

मी कारणं शोधली. एसीचा झोत उजवीकडून येत असेल, म्हणून झोत बंद करून पाहिला. दिव्याची तिरीप असेल, म्हणून दिव्यावर कागद लावला. शेवटी पिंजऱ्यांची रांगच फिरवून समोरच्या भिंतीला लावली. ससे रात्रभरात फिरले आणि पुन्हा खोलीकडे मेलेले डोळे लावून बसले.

मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, दाब बरोबर येतोय ना, मग बसू दे कसेही. अॅनिमल हाउसची झाडलोट आणि खाणंपिणं बघणाऱ्या मावशींनी मात्र पिंजऱ्यासमोर कमरेवर हात ठेवून बराच वेळ निरखलं. मग म्हणाल्या, "एवढं टक लावून तुझ्या नवऱ्याने तरी पाहिलंय का तुला?"

मी हसले. पण ससे माझ्याकडे बघत नव्हते. खोलीच्या मधोमध, जिथे नुसती फरशी आहे, तिथे बघत होते. ज्या डोळ्याने बघता येत नाही त्या डोळ्याने.

३

उजवीकडून जायचा नियम घरी मला वेगळा शिकावा लागला नाही. सासूबाईंना दहा वर्षांपासून काचबिंदू आहे. त्यांना मी आईच म्हणते. घरात सगळे त्यांच्याजवळ उजवीकडून जातात, मीही पहिल्या दिवसापासून तशीच गेले. तेवढ्यावरून त्यांनी मला पास केलं असावं. बाई मोठी गमतीची. डोळ्यांची एवढी पडझड झालेली, पण मधलं तेवढं अजून शाबूत, म्हणून सुईत दोरा त्यांनीच ओवायचा, आणि वर म्हणायच्या, की तुम्हा धडधाकट डोळ्यांच्या लोकांना कामाचं काही दिसत नाही.

दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या होत्या आणि दोन्हींना मी सवय असं नाव देऊन टाकलं होतं. एक म्हणजे स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात त्या नेहमी उजव्या भिंतीला चिकटून चालायच्या, डावीकडे एका माणसापुरती वाट सोडून. दुसरी म्हणजे जेवायला बसताना त्यांच्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी असायची. मी एकदा तिथे बसायला गेले तर त्यांनी अगदी मऊ आवाजात सांगितलं, की तिथे नको, इकडे ये.

मला काळजी त्यांची नव्हती. काचबिंदू आईकडून मुलाकडे येतो, आणि माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकदाही डोळे तपासले नव्हते. मी दर रविवारी विषय काढायची. तो दर रविवारी म्हणायचा, मला ससा समजतेस का. त्याचं काम नकाशे काढण्याचं. दिवसभर बारीक रेघा. नजर गेली तर काय राहील, हे त्याला समजत होतं, आणि म्हणूनच तो टाळत होता. भित्र्या माणसाशी भांडून उपयोग नसतो, त्याला हळूच उजवीकडून गाठावं लागतं.

मग एका सकाळी चहा पिताना मी पाहिलं, की त्याने आपली बशी जराशी उजवीकडे सरकवली. डावीकडे जागा केली. तिथे कोणी नव्हतं, आणि त्याला आपण ती सरकवल्याचं कळलंही नव्हतं.

४

त्या शनिवारी मी टोनोमीटर पर्समध्ये घालून घरी आणला. नवी सुई लावली, त्याला खिडकीपाशी बसवलं आणि हातात घेतलेल्या सशाशी बोलतात तसं बोलत राहिले. तो हसत होता. सहा टिकटिक, उजवा डोळा, एकोणीस. सहा टिकटिक, डावा डोळा, एकतीस. माणसाचा दाब एकवीसच्या पुढे गेला की चिंता.

आई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, किती. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि मला तेव्हा वाटलं की त्या हादरल्या आहेत. आता मागे वळून तो चेहरा आठवते, तेव्हा तो हादरलेला नव्हता. पाहुण्यांची गाडी वेळेवर सुटल्याचा निरोप आला की जसा होतो, तसा होता.

मी मात्र स्वतःची समजूत घातली. यंत्र सशासाठी लावलेलं आहे. सशाचं बुबुळ पातळ, माणसाचं जाड, आकडा जास्त दाखवणारच. आठ-दहा वजा केले की सगळं ठीक. तसं मी वजा केलं आणि पाच आठवडे निवांत झोपले.

ज्या बाईचं अख्खं काम तुलनेच्या डोळ्यावर चालतं, तिला पाच आठवडे हे सुचलं नाही, की तेच यंत्र आपल्या स्वतःच्या डोळ्याला लावून बघावं.

५

सुचलं ते एका मंगळवारी, अॅनिमल हाउसमध्येच. मी सोळा सशांचे आकडे लिहिले होते आणि हातातल्या यंत्राकडे बघत होते. उगाच ते वर केलं आणि स्वतःच्या डोळ्याला लावलं. चौदा. दुसऱ्या डोळ्याला लावलं. चौदा.

यंत्र बरोबर होतं. त्याचे एकतीस हे एकतीसच होते, पाच आठवड्यांपूर्वीपासून.

मी रांगेच्या टोकाला, पिंजऱ्यांना पाठ लावून उभी राहिले. खोलीत एसीची घरघर आणि सशांच्या दातांची कुरकुर, एवढेच आवाज. मग कुरकुर विरळ झाली. एकदम नाही. दाराजवळच्या पिंजऱ्यातली आधी, मग त्याच्या शेजारची, मग त्याच्या शेजारची.

मी वळून पाहिलं. दाराजवळच्या सशाने मान वळवली होती, सावकाश, कोणीतरी समोरून चालत जावं आणि आपण बघत राहावं तशी. त्याची मान थांबली तेव्हा पुढच्याची वळायला लागली. मग पुढच्याची. मधले काही ससे खाली मान घालून खात राहिले, त्यांचा दाब कमी होता. त्या नऊ माना मात्र एकामागून एक वळत माझ्या दिशेने आल्या. मी ही चाल मोजली, सवयच आहे. एका पिंजऱ्याला दोन सेकंद. रेंगाळत चालणाऱ्या माणसाची चाल.

रांग फिरवल्यापासून अकरा नंबर टोकाला, माझ्या अगदी शेजारी होता. त्याची मान सगळ्यात शेवटी वळली आणि माझ्यावर थांबली. माझ्यावर म्हणजे माझ्या डाव्या खांद्याच्या थोडं पलीकडे.

मला दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतं. दाब चौदा. मी डावीकडे पाहिलं आणि तिथे फरशी होती, भिंत होती, भिंतीवर हात धुण्याच्या सूचना होत्या. काही नव्हतं. मी यंत्र हातात तसंच धरून बाहेर आले आणि नवऱ्याला फोन केला, की आज अर्धी रजा टाक, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय, आणि आज तू विनोद केलास तर मी रडेन. त्याने विनोद केला नाही.

६

नजरेचा घेर तपासायचं यंत्र म्हणजे एक मोठा पांढरा वाडगा. त्यात तोंड घालून समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं. वाडग्यात इथे तिथे बारीक दिवे लुकलुकतात. दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे स्टुलावर बसले होते. तपासणाऱ्या ताई पडद्याकडे बघत होत्या आणि पडदा मलाही दिसत होता.

उजवा डोळा सरळ झाला. डाव्या डोळ्याच्या वेळी कडेचे दिवे लागत गेले आणि बटणाचा आवाज आला नाही. मी मनात हिशोब करत होते, किती गेलं, किती उरलं. मग एका क्षणी पडद्यावर एकही दिवा नव्हता आणि बटण वाजलं. पुन्हा वाजलं. ताई म्हणाल्या, घाई करू नका, दिवा लागल्यावरच दाबा. पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. पुन्हा तसंच.

कागद छापून आला. जिथे दिसत नाही तिथे काळं, जिथे दिसतं तिथे पांढरं. डावी कड काळी होती, आणि त्या काळ्यात अगदी टोकाला एक पांढरा पट्टा उभा होता. खाली रुंद, वर निमुळता. डॉक्टर म्हणाले, बाहेरच्या बाजूचा एखादा तुकडा कधी कधी शेवटपर्यंत टिकतो, त्यात विशेष नाही. मला बरं वाटलं. कारण मिळालं की मला नेहमीच बरं वाटतं.

मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. गेलेली नजर परत येत नाही. पण उरलेली सगळी वाचवता येईल, जन्मभर रोज संध्याकाळी एक थेंब टाकला तर. थेंब मिनिटभर झोंबेल आणि घशाला कडवट लागेल, तेवढं सोसायचं. नकाशे काढता येतील, म्हातारपणी नातवंडं दिसतील. फक्त खंड पडू द्यायचा नाही.

परतताना मी विचारलं, दिवा नसताना बटण का दाबत होतास.

"दिसलं काही नाही गं," तो म्हणाला. "पण तिकडे रिकामं वाटत नाही."

७

मी तो थेंब माझ्या हाताने टाकत होते. रोज सातला. तो खुर्चीत मान मागे टाकायचा, मी खालची पापणी ओढायची, एक थेंब, मग दोन मिनिटं डोळे बंद. बाटली फ्रिजच्या दारात, आईंच्या बाटलीशेजारी. एक दिवस चुकला नाही. नव्याने लग्न झालेली माणसं संध्याकाळी काय काय करत असतील. आम्ही हे करत होतो, आणि खरं सांगते, मला त्यात सुख होतं. रोज एक थेंब म्हणजे उद्याचा दिवस जागच्या जागी.

सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. दाब तेहतीस.

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, रोज टाकता ना नक्की. मला फार राग आला. नवा कागद त्यांनी जुन्याच्या शेजारी ठेवला. काळं वाढलं होतं. आणि पांढरा पट्टा टोकाला नव्हता. तो आत आला होता, बोटभर, मागच्या वेळी जिथे मिट्ट काळं होतं तिथे.

मी म्हटलं, गेलेली नजर परत येत नाही ना. डॉक्टर म्हणाले, येत नाही, पेशंट चुकीच्या वेळी बटण दाबतोय. बाटली बदलून पाहू, पुढच्या महिन्यात या.

तो तिथूनच ऑफिसला गेला, मी घरी आले तेव्हा आई गॅलरीत होत्या. मी त्यांच्या कपाटातली फाइल काढली. दहा वर्षांचे तसलेच कागद, प्रत्येकावर तारीख. पलंगावर ओळीने मांडले. हे मी कामावर रोज करते, आकडे ओळीने लावायचे आणि बघायचं की रेघ कुठे चालली आहे.

पहिल्या कागदावर पट्टा टोकाला होता. दुसऱ्यावर थोडा आत. मधली तीन वर्षं आईंनी औषध नियमाने घेतलं असावं, कारण तीन कागदांवर तो एकाच जागी थांबलेला होता. मग पुन्हा निघाला. कागदागणिक जवळ, कागदागणिक मोठा, आणि शेवटच्या तिन्हींवर सगळं काळं आणि मधोमध, अगदी समोर, पांढरं.

मधलं तेवढं शाबूत आहे, असं आम्ही सगळे म्हणत होतो.

मी कागद गोळा केले. मग फ्रिजमधून त्याची बाटली काढली, मान मागे टाकली आणि माझ्या डोळ्यात एक थेंब सोडला. वाट पाहिली. झोंबलं नाही. घशाला कडू लागलं नाही. हे मी त्याला सहा आठवड्यांत एकदाही विचारलं नव्हतं. बोटावर घेऊन चाटलं. पाणी होतं.

८

आई गॅलरीत उन्हाला बसून उशीच्या खोळीची उसवलेली शिवण घालत होत्या. मी बाटली कठड्यावर ठेवली आणि समोरच्या वेताच्या मोढ्यावर बसले, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी. विचारलं, हे तुम्ही केलंत का. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"उकळून गार केलेलं पाणी होतं गं," त्या म्हणाल्या. "घाणेरडं पाणी घालेन का मी त्याच्या डोळ्यात?"

मी म्हटलं की तो आंधळा होईल, तुमचा मुलगा आहे तो, त्याचं पोट रेघांवर आहे. सहा आठवड्यांत जेवढं गेलं तेवढं आता कोणी परत देणार नाही. त्या ऐकत होत्या, मुलीला पहिल्यांदा ताप आल्यावर घाबरलेल्या आईचं ऐकावं तशा, प्रेमाने. मग मी जे विचारायचं नव्हतं ते विचारलं. मी विचारलं, त्या पांढऱ्यात उभे आहेत ते गेलेले सासरे आहेत का.

त्यांना हसू फुटलं. सुई टोचेल म्हणून त्यांनी ती खोळीत खोचून ठेवली. "ह्यांना मी ओळखलं नसतं होय?"

मग कोण, हे मी विचारायच्या आत त्यांनी हात पुढे करून माझा हात चाचपला, धरला, थोपटला. हात उबदार होता, रोजचाच होता.

"तू मनाची चांगली आहेस," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या त्या औषधाने काय होणार? ते जिथे आहेत तिथेच उभे राहणार, कडेला. त्याला जन्मभर नुसती चाहूल. मी तीन वर्षं काढली आहेत तशी, जीव नकोसा होतो. इतक्या लांबून चेहरा दिसतो का कधी, सांग बरं? जवळ यायला नको?"

हे बोलताना त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या, मायेने, डोळ्यांत पाणी आलेलं. घरात आल्यापासून त्या माझ्याकडे तशाच बघत आल्या आहेत, आणि मला ते आवडायचं.

मी हात सोडवून घेतला आणि मोढा मागे सरकवला, भिंतीला टेकेपर्यंत. त्यांची नजर माझ्याबरोबर मागे आली नाही, आमच्या मधल्या रिकाम्या जागेवरच राहिली.